विश्रामबागवाड्यात वाडादुरुस्तीचे केंद्र सुरू करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्याचा वारसा जपण्याची चर्चा निघाली की विश्रामबागवाड्याचे नाव हमखास येते आणि ते यायलाच हवे. पण पेठांमध्ये वाडा कधी एकटा नव्हता. वाड्याला खेटून वाडा, मधून बोळ, देवडीतून दिसणारा चौक, अशी ती वस्ती. भोवतालचे सगळे वाडे पाडून एवढा एकच राखला, तर जुने पुणे राखले असे मला म्हणवणार नाही.

दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये दोन लाख रुपये खर्चून हा वाडा बांधला आणि जेमतेम अकरा वर्षे तिथे वास्तव्य केले. पेशवाई गेली, वाडा राहिला, कारण तो ओस पडला नाही. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा निघाली. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ तेच. १८७९ च्या आगीत पूर्वेकडचा भाग जळाला, तोही पुन्हा उभारला गेला. १९३० ते १९५९ या काळात शहराचा कारभार इथून चाले. पुढे पोस्टही आले. जिथे रोज माणसांचा राबता असतो, तिथली गळती कोणाच्या तरी नजरेला पडतेच.

आजूबाजूच्या वाड्यांचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे नेले. त्यातून जे वाचले, ते पुढे हळूहळू कुजले. आमच्या आळीतला एक वाडा मी जाताना पाहिला आहे. पन्हळीपाशी चार कौले सरकली होती. उन्हाळ्यात शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौले नीट बसवण्याचे काम, झाली असती तर तिथेच निभावले असते. पाणी भिंतीत मुरत राहिले आणि तुळईचे भिंतीतले टोक कुजले. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या त्या सागवानात बोट घातले तर भुसा हाताला यायचा. भिंतीला पोट आले. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, तेव्हा मातीतला ओलावा आतच कोंडला. मग धोकादायक इमारतीची नोटीस लागली, आणि खांब-दारे घनफुटाच्या भावाने विकली गेली.

मालकाला बोल लावावा, तर जुन्या भाडेकायद्याने गोठलेल्या भाड्यात शाकारणीचा खर्चही निघत नाही. भाडेकरूला लावावा, तर एकदा जागा सोडली की हक्क जाईल ही त्याची धास्ती खोटी नाही. दोघांच्या ओढाताणीत कौले कोणीच हलवत नाही.

म्हणून महापालिकेला कळकळीची विनंती आहे. विश्रामबागवाडा पालिकेच्याच ताब्यात आहे. त्यातल्या एक-दोन दालनांत वाडादुरुस्तीचे केंद्र सुरू करावे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी, जुने जोडकाम समजणारा सुतार आणि एक अभियंता आठवड्यातल्या ठरावीक दिवशी तिथे बसावेत. मालक असो वा भाडेकरू, कोणालाही सल्ला मिळावा आणि किरकोळ दुरुस्तीची परवानगी पावसाआधी तिथल्या तिथे हातात पडावी. कोणत्या लाकडाला नुसता ठिगळजोड पुरेल आणि कोणते बदलावेच लागेल, हे जागेवर येऊन सांगणारा माणूस आज सामान्य पेठकऱ्याला कुठे भेटतो? तरुण सुतारांनाही तिथेच शिकवता येईल. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि दर्शनी सज्ज्यावरचे कोरीव काम डोळ्यांसमोर असताना वेगळे नमुने आणायला नकोत.

रोषणाई, फलक, हेरिटेज वॉक या गोष्टी चांगल्याच आहेत, त्यांना माझा विरोध नाही. मात्र त्यांच्यावरच्या खर्चाआधी या केंद्राचा विचार व्हावा. सुरुवात एका टेबलाने आणि एका जाणत्या सुताराने झाली तरी चालेल, पण ती येत्या शाकारणीच्या हंगामाआधी व्हावी.

आपला,
एक पेठकरी वाचक, सदाशिव पेठ, पुणे