दादाचं लग्न आणि इथला गळीत हंगाम

पिरासिकाबा, ब्राझील

ती. बाबा, ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तब्येत उत्तम, जेवण वेळेवर होतं. बाबा, मी काम करते त्या इथेनॉल कारखान्यात आगीची भीती किती, असं तुम्ही विचारलंत. इथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, हे खरंच. म्हणून तर मोबाइल फाटकावर ठेवावा लागतो आणि टँकर भरण्याआधी अर्थिंग जोडतात. उगीच घोर लावून घेऊ नका.

इथे साखर काढून उरणाऱ्या मळीची वाट बघत नाहीत, पुष्कळसं इथेनॉल थेट रसापासून काढतात. उसाच्या टनाला साधारण 80 लिटर. तोडणीयंत्र उसाची वीतभर कांडकी करतं. त्यामुळे कापलेली टोकं जास्त होतात, तिथून जंतू शिरतात. ऊस दोन दिवस पडून राहिला तर रस चिकट होतो, उतारा घटतो. आंबवणं मात्र सहा ते बारा तासांत उरकतं, कारण यीस्ट, म्हणजे रस आंबवणारी बुरशी, फेकत नाहीत. सेंट्रीफ्यूजने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या यंत्राने, वेगळं काढून, गंधकाम्ल घालून पीएच 2 ते 2.5 वर आणतात, म्हणजे चांगलंच आंबट करतात. जंतू मरतात, यीस्ट तगतं आणि परत टाकीत जातं. टाकी 34 अंशांवर गेली की यीस्ट दमतं आणि जंतूंचं फावतं, म्हणून थंड पाण्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. इथेनॉलच्या लिटरमागे दहा-बारा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे इथेनॉल काढून घेतल्यावरचं सांडपाणी, उरतं. त्यात पालाश भरपूर, ते उसालाच देतात.

आई, इथल्या पंपावरची गंमत ऐक. गाड्या दोन्ही इंधनांवर चालतात, म्हणून माणसं आधी भागाकार करतात. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या 70 टक्केच ऊर्जा. समजा पेट्रोल 6 रेआल (इथलं चलन), तर इथेनॉल 4.20 च्या आत असेल तरच भरायचं. पंपावरच्या इथेनॉलमध्ये पाच-सात टक्के पाणी असतं, तरी चालतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं मात्र कोरडंच लागतं, नाहीतर पाणी खाली बसतं. टाकीत काय पडलंय ते धुराड्यातला सेन्सर ओळखतो, इंजिन आपोआप जुळवून घेतं.

मंडपाचे आणि दागिन्यांचे पैसे पाठवले आहेत, पोचले की कळवा. कमी पडले तर संकोच करू नका. फक्त दादाचा मुहूर्त वैशाखातला. आपलं गळीत संपतं तेव्हा इथलं सुरू होतं, एप्रिल ते नोव्हेंबर. पाऊस झाला तरच तोडणी थांबते, आणि मे इथे कोरडा जातो. दादाला मी फोन करेन. वहिनीची साडी वेगळी पाठवते आहे. माझ्याऐवजी करवली म्हणून पिंकीला उभं करा, तिला शोभेल.

तुमची,
नीता