सातपुड्यापलीकडचा समुद्र आपल्या मुलांना कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्र कसा तयार होतो असं पोरांना विचारा, बहुतेक एकच उत्तर येतं, मोठा खड्डा होता त्यात पाणी साचलं. जास्तीत जास्त भारत आणि आशियाच्या मधल्या जुन्या टेथिस समुद्राचं नाव येतं, तो गाळ वर उचलला गेला आणि हिमालय झाला, संपलं. आणि खान्देशचा काय संबंध असं विचारलं तर मोठी माणसंसुद्धा म्हणतात, आठे समुद्र कथाईन उना भो? (इथे समुद्र कुठून आला भाऊ?)

पण शहादा-शिरपूरहून सातपुडा ओलांडून नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघला जा. आपले लोक तिथे लेणी बघतात आणि परत येतात, त्या परिसरात चुनखडीचे थर आहेत त्यात अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी), समुद्री अर्चिन (गोल काटेरी समुद्री प्राणी), शिंपले, शार्कचे दात सापडलेत तिकडे कुणी बघतच नाही. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यातून समुद्र पश्चिमेकडून आत शिरला होता. कारणही समजून घेण्यासारखं आहे, त्या काळात ध्रुवांवर बर्फ जवळपास नव्हता आणि महासागरांच्या तळाशी जिथे नवीन कवच बनतं त्या डोंगररांगा फुगलेल्या होत्या, मग पाणी वर चढलं आणि जगभर सखल जमिनीवर पसरलं. पुढे ते हटलं. नंतर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा आला, थरावर थर, तोच आपला काळा दगड, धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला ज्यावर उभा आहे तो.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. मुंबईला जाऊन आपण जो अरबी समुद्र बघतो, त्याचा भारत आणि सेशेल्स (आफ्रिकेच्या पूर्वेकडची बेटं) यांच्यामधला खोल तळ या लाव्हानंतर उघडला! म्हणजे आपल्या बांधावरचा दगड त्या तळापेक्षा जुना. आधी सेशेल्स आपल्याला चिकटून होतं, मग जमीन ताणली गेली, फाटली, भेगेतून लाव्हा येऊन नवीन तळ बनत गेला आणि दोन्ही काठ लांब गेले. हे काम आजही चालू आहे, वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर. तांबडा समुद्र तर असाच आत्ता आपल्या डोळ्यांसमोर रुंद होतोय, आणि दुसरीकडे टेथिस मिटला कारण भारत उत्तरेला सरकत जाऊन आशियाला धडकला. आपल्या देवघरातला शाळिग्राम नेपाळच्या गंडकीतून येतो ना, तो त्याच टेथिसमधला अमोनाइट आहे, तुळशीच्या लग्नात घरोघरी हातात घेतो पण हे कुणी सांगत नाही.

आणि समुद्र सरकायला कोट्यवधी वर्षंच लागतात असंही नाही. २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगात पाणी बर्फात अडकलं, पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली, खंबातचं आखात कोरडं पडलं आणि आपली तापी आज सुरतजवळ समुद्राला मिळते ती तेव्हा अजून कितीतरी पुढे वाहत जात होती.

माझ्या विनंत्या दोनच आहेत. तुमच्या रविवारच्या पुरवणीत खान्देशच्या भूगर्भावर लेखमाला सुरू करा, आपल्याकडच्या कॉलेजांतले भूगोल-भूशास्त्राचे प्राध्यापक लिहितील. आणि धुळे, नंदुरबार, जळगावच्या शाळांनी वॉटर पार्कच्या सहली थोड्या कमी करून एकदा तरी नववी-दहावीच्या मुलांना बाघला न्यावं, सोबत जाणकार माणूस असू द्यावा आणि जीवाश्म उचलून घरी आणायचे नाहीत हे बसमध्येच बजावून सांगावं, कारण तो थर एकदा फोडला की परत मिळणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, शहादा, जि. नंदुरबार