अब्बांच्या गुसलासाठी, चाचा, तुमचे आभार

सलाम चाचा,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर मशिदीच्या पायरीवर चार लोकांसमोर माझी खरडपट्टी काढाल. निपाणीकरांना तसंही कळेलच. दिवसभर तंबाखूच्या वखारीत, आणि कुठं मय्यत झाली की हातातलं काम टाकून तिथं हजर, असा माणूस गावात एकच.

अब्बा गेले त्या दिवशी मी पुण्याहून पोचलो तेव्हा तुम्ही अंगणात पडदा बांधून गुसलासाठी, म्हणजे मय्यतीला शेवटची आंघोळ घालायला, फळी मांडली होती. शेजारच्या काकांनी बांधावरची बोरीची डहाळी आणून दिली होती, तिची पानं पातेल्यात उकळत होती. मला वाटलं, आपण बाहेर थांबायचं, तुम्ही उरकाल. तुम्ही माझ्या हातात हातमोज्यासारखी कापडी पिशवी अडकवलीत नि म्हणालात, "बाप तुझा हाय. मी पाणी घालतो."

खरं सांगायचं तर तेव्हा मी ईदपुरता मुसलमान होतो. पुण्यात कुणी "शिकलेला माणूस तू, तरी मानतोस?" असं विचारलं की हसून विषय बदलायचो. अब्बा मानतात म्हणून मी, यापलीकडं माझ्याकडं उत्तरच नव्हतं.

बेंबीपासून गुडघ्यापर्यंतची चादर तुम्ही एकदाही सरकू दिली नाहीत. आधी वजू, म्हणजे नमाजेआधी धुतात तसे हात-तोंड-पाय, मग डोकं नि दाढी, मग उजवी कूस, मग डावी. पोटावरून हात फिरवताना मी जोर लावला तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "हळू. त्याला दुखतंय असं समजून कर." शेवटच्या पाण्यात कापूर घातलात. मग उरलेला कापूर माझ्या तळहातावर ठेवून जागा सांगत गेलात: कपाळ, नाक, दोन्ही तळवे, गुडघे, पावलं. सजद्यात जमिनीला टेकतात तेवढ्याच जागा. अब्बांच्या कपाळावर नमाजचा घट्टा होता. तिथं माझं बोट थांबलं ते हलेचना. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसते तांब्या धरून उभे राहिलात.

आता कुणी मानण्याचं कारण विचारलं तर मी त्या घट्ट्यापासून सुरुवात करतो. कफनाची शिलाई नसलेली तीन कापडं, वखारमालकाला तीच आणि हमालालाही तीच. जिवंतपणी आपण ती बरोबरी किती पाळतो ते सोडा. आमीन मोठ्यानं म्हणायची की मनात, यावरून झालेली भांडणं मी विसरलेलो नाही. पण धर्म काय मागतो ते मला त्या अंगणात दिसलं.

नंतर मी पाकीट काढलं, आठवतं? तुम्ही असं बघितलंत की ते आपोआप खिशात गेलं. म्हणालात, हे फर्ज-ए-किफाया. चौघांनी केलं तर सगळ्यांची जबाबदारी फिटते, कुणीच केलं नाही तर सगळे गुन्हेगार. "मी माझी मान सोडवतोय. तुझ्यावर कसले उपकार?"

त्या हिवाळ्यात मी कुरआन पहिल्यांदा मराठीतून वाचायला घेतलं. अरबी लहानपणी मदरशात घोकलेलं, अर्थाशिवाय. ८० व्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, अडकलो. पैगंबर साहेब मक्केतल्या कुरैश टोळीच्या बड्या सरदारांशी बोलत असताना एक आंधळा माणूस मध्येच विचारायला येतो. त्यांच्या कपाळाला आठी पडते, ते तोंड फिरवतात. आणि त्याबद्दल अल्लाह त्यांनाच बोल लावतो. ते बोल आजही नमाजेत मोठ्यानं पढले जातात. ज्याला स्वतःचा मोठेपणा मिरवायचा असता त्यानं हे पुसून टाकलं असतं, असं मला वाटलं. कुणाला हा पुरावा वाटणार नाही. नसू दे, मला पुरला. वखारीतली वाट बघायला लावणारी मोठी माणसं टाळून तुम्ही हमालाच्या मय्यतीला पळता, ते मला त्या आयतींच्या अर्थासारखंच वाटतं.

अब्बांच्या मरणाचा दाखला कन्नडात निघाला, निधनाची बातमी मराठी पेपरात आली, घरातलं रडणं दखनीत आणि दुआ अरबीत. आपल्या सीमाभागात मेल्यावरसुद्धा चार भाषा लागतात. त्या रात्री चूल पेटली नव्हती. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी पाठवली. पुढं वाचलं की पैगंबर साहेबांचे चुलत भाऊ जाफर लढाईत शहीद झाले तेव्हा पैगंबर साहेबांनी हेच सांगितलं होतं, त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा. काकूंना ते कुणी सांगायची गरज पडली नाही.

मागच्या महिन्यात गावी आलो होतो तेव्हा त्या एकट्या म्हाताऱ्या बिडी कामगारासाठी तुम्ही मला उठवायला आलात. तांब्या या वेळी माझ्या हातात होता, पण फळी उचलताना तुमचा गुडघा कसा वळला ते मी बघितलं. आता मी कोल्हापुरात बदली करून घेतली आहे, तासाभरात पोचतो. निरोप आला की फोन करा, रात्री दोनला केला तरी चालेल. बोरीची पानं वाळवून आमच्या माळ्यावर ठेवली आहेत, डहाळी शोधत फिरू नका.

तुमचा,
अब्बांचा मोठा