रविवारची बैठक : 'मी, दुर्गा खोटे'

सभासदांनो, नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसायचं आहे. पुस्तक ठरल्याप्रमाणे अभिनेत्री दुर्गा खोटे यांचं 'मी, दुर्गा खोटे'.

हे आत्मकथन १९८२ साली आलं तेव्हा दुर्गाबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या सिनेमातल्या त्यांच्या तारामतीच्या भूमिकेला तोवर पन्नास वर्षं झाली होती. फाळके पुरस्कार त्यांना १९८३चा, म्हणजे पुस्तक त्याच्या आधीचं. तेव्हा पुरस्काराची हकिकत त्यात शोधत बसू नका.

• पुस्तक वाचून या. पूर्ण नाही जमलं तर निदान सिनेमात येण्याआधीचं आयुष्य आणि प्रभातचे दिवस.
• वाचनालयात प्रती दोनच आहेत. नेली की तीन दिवसांत परत, मुदतवाढ नाही.
• बोलायचं आहे ते यावर : इतक्या उशिरा लिहिताना नटी काय सांगते आणि काय गाळते? कथानक सांगत बसू नये, ही विनंती.
• आपल्यातल्या ज्या ज्येष्ठांनी रंगभूमीवर कामं केली आहेत, त्यांनी स्वतःच्या आठवणींचं एखादं पान लिहून आणावं. वाचायला प्रत्येकी पाच मिनिटं. नटमंडळींना ती कमीच पडणार, पण घंटा वाजेल.

जिना चढणं ज्यांना अवघड आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, खाली बसू.

— कार्यवाह