सोलोंचा दाखला आणि आझमगडचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्थलांतर, मनुष्यबळ व शिक्षण या तिन्ही धोरणांचे आर्थिक वाढीशी गणित मांडणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. लेखकांच्या विद्वत्तेविषयी शंका नाही. परंतु त्यांच्या प्रारूपात बाहेरून येणारा कामगार हा एक आकडा आहे, त्याच्या शालेय शिक्षणाची वर्षे हा दुसरा, आणि त्याला पोरेबाळे असतात ही गोष्ट कुठेच नाही.

भोसरीत माझे पंधरा माणसांचे वर्कशॉप आहे. तेथे उत्तर प्रदेशातील आझमगडहून आलेला, आठवी पास एक ऑपरेटर नऊ वर्षे सीएनसी लेथ (संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणारे यंत्र) चालवत होता. मशीनचा आवाज जरासा बदलला की हा इन्सर्ट, म्हणजे कातणारे पाते, बदलणार, त्यामुळे बोअरच्या (आतल्या भोकाच्या) मापावरून त्याचा जॉब कधी परत आला नाही. लेखकांच्या हिशेबात तो आठ वर्षांच्या शिक्षणाचा धनी. माझ्याकडे तो डिप्लोमा झालेल्या दोघांना भारी होता. लेखकांनी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांचा दाखला दिला आहे. अमेरिकेतील १९०९ ते १९४९ या काळात दर मनुष्यतासामागे (एका माणसाच्या तासाभराच्या कामामागे) वाढलेल्या उत्पादनाचा सुमारे सात अष्टमांश भाग भांडवलाच्या वाढीतून उलगडत नाही, असे सोलोंनी १९५७ साली दाखवले. माझ्या ऑपरेटरचा कान त्या न उलगडलेल्या भागात मोडत असावा.

दोन वर्षांपूर्वी त्याने बायको आणि सहावीत जाणारी मुलगी यांना येथे आणले. शाळेने आधी मूळ शाळेचा दाखला मागितला. तो आल्यावर त्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली (सोलोंचा दाखला बरा प्रतिस्वाक्षरीविना चालतो), आणि या खेपांत दिवाळी उलटली. दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. त्याची प्रत घेऊन मी स्वतः गेलो, तेव्हा कार्यालयातील बाईंनी ती न उघडताच फायलीखाली सारली आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असे सांगितले. मुलीचे वर्ष बुडाले, मार्चमध्ये कुटुंब गावी परतले आणि माझे मशीन सात आठवडे ताडपत्रीखाली राहिले.

महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळासाठी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी केलेल्या कराराचे लेखात भरभरून कौतुक आहे. ते जरूर करावे. आपल्या मुलांची प्रमाणपत्रे तिकडे मान्य व्हावीत म्हणून शासन झटत असताना आझमगडचा दाखला भोसरीत का चालत नाही, एवढे मात्र लेखकांनी आम्हाला समजावून द्यावे. स्थलांतराचे त्यांचे आकडे २०११च्या जनगणनेचे आहेत. तेव्हा माझ्या ऑपरेटरचे लग्नसुद्धा झाले नव्हते.

जाता जाता, लेखासोबतच्या आलेखातील दोन्ही रेषा छपाईत एकाच करड्या रंगाच्या उमटल्या आहेत. स्थलांतर वाढल्यावर देश वर जातो की घटल्यावर, हे भिंग लावूनही कळले नाही. आलेख पुन्हा छापणार असाल तर एक रेष तुटक काढावी.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे