अनुदानाच्या अर्जात दोन कागद वाढवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मराठी पडद्यावर सध्या बायकांची चलती आहे. पोस्टरवर त्या, तिकीटखिडकीवर गर्दीही त्यांचीच. मला याचा आनंदच आहे. या कथांमधल्या नायिकांचे केस मीच विंचरते. मी हेअरड्रेसर आहे.

आता सेटवरचं सांगते. गेल्या उन्हाळ्यात आउटडोअरला होतो. व्हॅनिटी व्हॅन दोन, एक हिरोची, एक हिरॉइनची. कॉस्च्युमच्या मुली, असिस्टंट, ज्युनिअर आर्टिस्ट, आम्ही सगळ्या मिळून पंधरा-वीस जणी. बाथरूमचं विचारलं तर प्रॉडक्शनवाला म्हणाला, "मागे ऊस आहे की." अशा ठिकाणी आम्ही सकाळपासून पाणीच कमी पितो. मग पॅकअपपर्यंत डोकं ठणकतं आणि पुढे लघवीची जळजळ. हिरॉइन मात्र कॅमेऱ्यासमोर स्वाभिमानावर बोलत असते.

केरळ सरकारने नेमलेल्या न्या. हेमा समितीनेही मल्याळी सेटवरच्या बायकांबद्दल हेच नोंदवलं. तो अहवाल २०१९च्या डिसेंबरात सरकारकडे गेला आणि बाहेर आला ऑगस्ट २०२४मध्ये, तोही काटछाट करून. म्हणून कृपा करून समिती नेमू नका.

आमच्या धंद्यात कायदा आपणहून चालत येत नाही. १९१३ साली फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, अण्णा साळुंके उभे राहिले. तो काळच तसा होता. पण त्यानंतर शंभर वर्षांनीही मुंबईत बाईला मेकअप आर्टिस्ट म्हणून संघटनेचं कार्ड मिळत नव्हतं. केस बाईने करायचे, चेहरा पुरुषाने रंगवायचा! चारू खुराना आणि इतर जणी थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०१४मध्ये ही बंदी उठली.

लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी. चित्रपटाच्या युनिटलाही ती लागते, हे केरळ उच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं. मी काम केलेल्या सेटवर अशा समितीतल्या बाईचं नाव कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

तुमचं खातं मराठी चित्रपटांना अनुदान देतं. समिती चित्रपट बघते, गुण देते, दर्जा ठरवते. गुण सगळे पडद्यावरचे. बाईची बाजू घेणारा चित्रपट तिथे भाव खाऊन जाईल, आणि तो करताना बायका उसात गेल्या हे कुणी विचारणार नाही. तेव्हा अर्जासोबत दोन कागद मागा: अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं-फोन नंबर छापलेली कॉलशीट, म्हणजे युनिटला मिळणारा दिवसाच्या शूटिंगचा कागद, आणि चित्रीकरणाच्या प्रत्येक ठिकाणच्या फिरत्या स्वच्छतागृहाची भाड्याची पावती. गोरेगावची चित्रनगरी तर शासनाचीच. तिथे परवानगी देतानाच ही अट घालता येईल.

बजेट नाही, असं निर्माते म्हणतील. ड्रोनचं भाडं निघतं, हेही निघेल.

शासन निर्णय पुढच्या परीक्षणाआधी निघावा, एवढीच विनंती.

आपली,
एक हेअरड्रेसर, गोरेगाव