चाक बदलले की प्रवेगही बदलतो

महोदय,

विद्युत मोटार घेतल्यावर केवळ रुबाबासाठी मोठी चाके बसवून घेणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात घ्यावा. या गाड्यांत बहुधा एकच गिअर असल्यामुळे टायरसह चाकाचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला, तर रस्त्यावर मिळणारा जोर जवळपास तितकाच घटतो, आणि वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, ही जोखीम वेगळीच. चाकाच्या कडेचे १ किलो वजन गाडी पुढे नेताना आणि चाक फिरवताना असे दुहेरी भोवते, म्हणजे डिकीतल्या सुमारे २ किलोंइतके. हलके चाक म्हणूनच उपयोगी. मात्र टायरची पकड कमी असेल, तर मोटरचा तत्काळ मिळणारा जोर, विशेषतः पावसात, चाक जागीच फिरण्यात वाया जातो. गाडी शून्यावरून ताशी १०० किमी वेग किती सेकंदांत गाठते हा आकडा मिरवणाऱ्या जाहिरातींत टायरचे मापही छापावे.

– एक वाचक, पुणे